एकच चाक, अनेक मापे : हिवाळी टायरची कथा

मोटारीच्या टायरच्या कडेवर काही आकडे आणि अक्षरे उठून दिसतात. उदा. '२७५/५५ आर १७'. आपल्याकडे टायर बदलायची वेळ आली की दुकानदार हे आकडे वाचतो, तसाच टायर काढून बसवून देतो आणि विषय तेथेच संपतो. पण कॅनडा, जर्मनी, फिनलंड अशा थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर या आकड्यांना फार महत्त्व येते. बर्फ पडण्यापूर्वी तेथे गाडीचे नेहमीचे टायर उतरवून हिवाळी टायर चढवतात. साध्या, लहान मोटारीच्या मालकाला ते सहज मिळतात. मात्र चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी, उंच, ऐसपैस आणि महागडी गाडी, म्हणजे आज जिला एसयूव्ही म्हणतात ती घेणाऱ्याला पुष्कळदा ऐकावे लागते, "या मापात हिवाळी टायर येत नाही."

गाडी जितकी महाग तितका तिचा टायर मिळणे अवघड, हे ऐकायला विचित्र वाटते. याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी दोन इतिहास पाहावे लागतात. एक रबर आणि थंडी यांच्या वैराचा, आणि दुसरा टायरच्या मापांचा. हे दोन इतिहास जेथे एकमेकांना छेदतात, तेथे ही अडचण उभी राहते. तिच्यातून निघण्याची वाटही तेथेच सापडते, आणि ती शालेय गणिताची आहे.

रबर आणि थंडी

रबराचे थंडीशी वैर जुने आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांत रबर घालून पावसाळी कोटाचे कापड तयार केले. ते उन्हात चिकट होई आणि थंडीत पुठ्ठ्यासारखे कडक होई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले, की गंधक मिसळून रबर तापवले तर हा दोष बराच कमी होतो. या प्रक्रियेला आपण व्हल्कनीकरण म्हणतो. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू या साखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी जोडतात, म्हणून ताण दिला तरी त्या कायमच्या घसरून जात नाहीत. ताण सोडला की रबर मूळ आकारात येते.

दोष कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. प्रत्येक रबराला एक विशिष्ट तापमान असते. त्याच्या खाली साखळ्यांची हालचाल जवळजवळ थांबते आणि रबर काचेसारखे कडक, ठिसूळ होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांपासून केलेल्या कृत्रिम रबरात स्टायरीनचे प्रमाण वाढवले की ते वर सरकते. हा बदल एका क्षणात होत नाही. त्या तापमानाच्या पुष्कळ आधीपासून रबर हळूहळू ताठर होऊ लागते. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावे अशा बेताने बनवलेले असते, म्हणून ते थंडीत लवकर ताठरते. टायर उत्पादक ७ अंश सेल्सिअसची खूण सांगतात. त्याखाली तापमान गेले की हिवाळी टायर लावावेत, असा त्यांचा सल्ला असतो. ही व्यवहाराची खूण आहे. ७ अंशांवर रबरात अचानक काही घडत नाही.

ताठर रबर रस्त्याच्या बारीक उंचवट्यांना बिलगत नाही, आणि त्यामुळे पकड कमी होते. याचा परिणाम किती होतो ते गणिताने पाहू. गाडीचा वेग v आणि घर्षणगुणांक μ असेल, तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर v²/२μg एवढे असते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर μ ०.८ धरला तर गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर μ ०.३ असेल तर ३३ मीटर, ०.२ असेल तर ४९ मीटर आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ असेल तर ९८ मीटर लागतात. टायरमुळे ०.२ चा ०.३ झाला, तर १६ मीटर वाचतात. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे १६ मीटर फार मोठे आहेत.

या सूत्रात गाडीचे वस्तुमान नाही आणि किती चाकांना इंजिनाची शक्ती मिळते तेही नाही. चारही चाके फिरवणारी गाडी बर्फातून सुटायला सोपी जाते, पण थांबवताना तिला वेगळा फायदा नसतो, कारण ब्रेक सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. म्हणून महागड्या गाडीच्या मालकालाही हिवाळी टायर टाळता येत नाहीत.

फिनलंडमधील सुरुवात

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तो सायकलसाठी नव्याने शोधला, आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धावू शकते हे दाखवून दिले. पुढची चाळीसेक वर्षे बर्फासाठी वेगळा टायर असा प्रकार नव्हता. लोक चाकांना साखळ्या बांधत किंवा हिवाळ्यात गाडी बंद ठेवत.

मालमोटारीला मात्र बंद राहणे परवडत नाही. फिनलंडमधील नोकिया या गावी फिनिश रबर वर्क्स हा कारखाना होता. त्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी 'केलिरेंगास' नावाचा टायर काढला. खास बर्फासाठी बनवलेला हा पहिला टायर मानला जातो. त्याच्या नक्षीत आडवे, खोल, रुंद खाचे होते. बर्फ या खाचांत दाबून बसे. दाबलेला बर्फ बर्फाला चिकटतो हे बर्फाचे गोळे करणाऱ्या मुलांनाही ठाऊक असते. खाचांत बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरी आणि चाक पुढे सरके. १९३६ मध्ये याच कारखान्याने मोटारींसाठी 'हाक्कापेलिता' हा टायर आणला. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव. मोबाइल फोनमुळे पुढे जगाला माहीत झालेला नोकिया उद्योगसमूह १९६७ मध्ये तीन कंपन्या एकत्र होऊन तयार झाला. त्यांपैकी एक ही रबराची कंपनी होती.

खिळे, धूळ आणि मऊ रबर

खोल नक्षी भुसभुशीत बर्फात चालते, पण काचेसारख्या गोठलेल्या थरावर तिचा उपयोग थोडा. म्हणून १९६० नंतरच्या दशकात टायरमध्ये धातूचे बारीक खिळे बसवण्याची पद्धत पसरली. खिळ्यांनी पकड वाढली, पण बर्फ नसलेल्या जागी ते रस्ता कुरतडू लागले. जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत खरवडलेल्या डांबराची धूळ हवेत पसरून लोक हैराण झाले, आणि १९९० मध्ये ती रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

खिळे नकोत तर पकड रबरातूनच आणायला हवी. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये जपानात सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराचा 'ब्लिझाक' टायर आणला. बर्फावरील पाण्याचा पातळ थर ही छिद्रे शोषून घेतात. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडण्याची युक्तीही येथे कामी आली. अशा चिरांचे पेटंट अमेरिकेतील जॉन साइप यांनी १९२३ मध्येच घेतले होते. चिरांमुळे एका धारेऐवजी शेकडो धारा बर्फावर घासतात. १९९२ मध्ये मिशलँने इंधन वाचवण्यासाठी टायरच्या रबरात काजळीऐवजी सिलिका वापरली. सिलिकायुक्त रबर थंडीत लवचीक ठेवता येते, असे दिसल्यावर हिवाळी टायरमध्येही तिचा वापर वाढला.

टायरवर 'एम+एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी खूण फार पूर्वीपासून छापत. तिच्यासाठी कोणतीही कसोटी उतरावी लागत नसे. १९९९ मध्ये अमेरिकेत तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आले. प्रमाण म्हणून ठरवलेल्या टायरपेक्षा दाबलेल्या बर्फावर किमान १० टक्के अधिक पकड दाखवली तरच ते छापता येते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. जर्मनीने २०१८ पासून बनलेल्या टायरांसाठी केवळ 'एम+एस' पुरेसे नाही असे ठरवले.

मापांची भाषा

आता दुसरा इतिहास. बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवतो तेव्हा तो त्या चाकाचेच माप घेतो. तेथे आकड्यांच्या भाषेची गरज नसते. टायर एका कारखान्यात आणि चाक दुसऱ्या कारखान्यात तयार होऊ लागले, तेव्हा ही भाषा जन्माला आली.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ या मापांचे टायर होते. पहिला आकडा टायरचा बाहेरचा व्यास, दुसरा त्याची जाडी, दोन्ही इंचांत. व्यास थेट लिहिलेला असे, हे येथे लक्षात ठेवावे. १९२३ नंतर कमी दाबाचे, फुगीर 'बलून' टायर आले आणि लिहिण्याची रीत उलटली. मॉडेल टीच्या शेवटच्या गाड्यांना ४.४०-२१ माप होते, म्हणजे जाडी ४.४० इंच आणि रिमचा व्यास २१ इंच. आपल्याकडच्या जुन्या जीपचा ६.००-१६ टायर याच भाषेतला. टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असल्याने ती वेगळी सांगण्याचे कारण नव्हते.

१९४९ मध्ये मिशलँने रेडियल टायर विक्रीला आणला. आजच्या मापातले 'आर' हे अक्षर त्याचेच. पुढे टायर रुंद आणि बसके होत गेले, तेव्हा उंचीही सांगावी लागली. ती रुंदीच्या शेकडा प्रमाणात सांगतात. म्हणून '२७५/५५ आर १७' याचा अर्थ असा : रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल, रिमचा व्यास १७ इंच. एकाच मापात मिलिमीटर आणि इंच कसे आले? रुंदी युरोपीय टायर उत्पादकांच्या मेट्रिक पद्धतीने आली, पण इंचांतील रिम जगभर रुजलेल्या होत्या. मिशलँने १९७५ मध्ये 'टीआरएक्स' टायरसाठी ३९० मिलिमीटरसारख्या मेट्रिक रिम आणल्या. त्यांच्यावर दुसरा टायर बसत नसे. ही पद्धत रुजली नाही, आणि त्या गाड्या जपणाऱ्यांना टायरसाठी वणवण करावी लागते. माप मोडीत निघाले की गाडी अडते, याचा तो धडा होता.

रिम मोठी झाली, चाक तेवढेच राहिले

१९७० मध्ये इंग्लंडात रेंज रोव्हर गाडी आली. तिच्या आतील रबरी चटया पाण्याच्या झोताने धुता येत, इतकी ती साधी होती. तिचा टायर २०५ आर १६, म्हणजे अरुंद आणि उंच. बाहेरचा व्यास सुमारे ७४ सेंटिमीटर. १९९७ मध्ये मर्सिडीजची एमएल आणि १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूची एक्स-५ आली, आणि शेतातली गाडी दिवाणखान्यातली झाली. या दोन गाड्यांना कारखान्यातून मिळणारी काही मापे घेऊन बाहेरचा व्यास काढू. रिमचे इंच २५.४ ने गुणायचे आणि त्यात भिंतीची दुप्पट उंची मिळवायची.

२५५/६५ आर १६ (एमएल) : ७३७.९ मिमी
२७५/५५ आर १७ (एमएल) : ७३४.३ मिमी
२३५/६५ आर १७ (एक्स-५) : ७३७.३ मिमी
२५५/५५ आर १८ (एक्स-५) : ७३७.७ मिमी
२५५/५० आर १९ (एक्स-५, पुढे) : ७३७.६ मिमी
२८५/४५ आर १९ (एक्स-५, मागे) : ७३९.१ मिमी

सहा वेगळी मापे, पण बाहेरचा व्यास सर्वांचा जवळजवळ एकच. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चाकात पाच मिलिमीटरचेही अंतर नाही. बदलले आहे ते रिम आणि रबर यांच्यातील वाटप. १६ इंची रिमवर भिंत १६६ मिलिमीटर आहे, तर १९ इंचीवर फक्त १२८. मोठ्या रिममुळे आत मोठे ब्रेक मावतात आणि वळणावर टायर कमी लचकतो, हे खरे. पण एवढ्यासाठी इतकी मापे लागत नाहीत. मोठी रिम दिसायला ऐटदार असते, हे मोठे कारण. जुन्या भाषेत या सर्वांचे पहिले माप '२९ इंच' असेच लिहिले गेले असते. नव्या भाषेने चाकाचे साम्य झाकले आणि फरक तेवढा पुढे आणला.

साच्याचे अर्थशास्त्र

टायर शेवटी एका धातूच्या साच्यात दाबून, दीडशे अंशांहून अधिक तापमानात काही मिनिटे शिजवतात. नक्षी आणि कडेवरची अक्षरे या साच्यातच कोरलेली असतात. म्हणजे प्रत्येक नक्षीच्या प्रत्येक मापाला स्वतंत्र साचा लागतो. त्याचा खर्च हजारो टायरांवर वाटला गेला तरच तो परवडतो.

२७५/५५ आर १७ हे माप फार थोड्या गाड्यांना होते. त्या गाड्यांपैकी काही उष्ण प्रदेशांत विकल्या गेल्या. थंड प्रदेशांतल्या काही मालकांनी बारमाही टायरवर भागवले. उरलेल्यांसाठी हिवाळी नक्षीचा वेगळा साचा कोण करणार? शिवाय हिवाळी टायर आधीच्या महिन्यांत तयार करून दुकानांत पाठवतात. साठा संपला की ऐन बर्फात नवे उत्पादन लगेच मिळत नाही. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९८६ ते १९९३ या काळात बनलेली लॅम्बॉर्गिनी एलएम००२. अशा तीनशेच्या आसपासच गाड्या निघाल्या, आणि त्यांच्यासाठी पिरेली कंपनीने ३४५/६० आर १७ या अवाढव्य मापाचा टायर खास बनवला. इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी टायर पुरवत राहणे कोणत्याही कारखान्याला जड जाते.

वाट गणितातून

वर दिलेली यादी पुन्हा पाहावी. २७५/५५ आर १७ चा हिवाळी टायर मिळाला नाही, तर त्याच गाडीच्या २५५/६५ आर १६ या मापाचा विचार करता येतो. बाहेरचा व्यास अर्ध्या टक्क्याने वाढतो, म्हणजे वेगमापकावर जाणवण्याइतका फरक पडत नाही. मात्र लहान रिमचा वेगळा संच घ्यावा लागतो. थंड देशांत अनेक जण तेच करतात, कारण संच तयार असला की दर मोसमात टायर उतरवण्या-चढवण्याची कटकट वाचते. अरुंद टायरचा आणखी एक फायदा आहे. तो बर्फ पुढे ढकलत बसण्याऐवजी त्याला कापत खाली जातो. पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असलेल्या गाडीलाही हिवाळ्यात चारही चाकांना एकच अरुंद माप लावता येते. मॉडेल टीच्या पुढच्या-मागच्या दोन मापांची अडचणही १९१९ नंतरच्या काढत्या रिमच्या गाड्यांत चारही चाकांना ३० × ३½ हे एकच माप देऊन अशीच सुटली होती.

पण व्यास जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, लहान रिममध्ये ब्रेक मावला पाहिजे. अधिक शक्तीच्या गाड्यांचे ब्रेक मोठे असतात आणि तेथे हा मार्ग बंद होतो. दुसरी, भारनिर्देशांक. टायरवरचा १०९ हा आकडा त्याला १०३० किलोग्रॅम भार पेलतो असे सांगतो, तर १०० हा आकडा ८०० किलोग्रॅम. दोन टनांहून जड गाडीला कमी निर्देशांकाचा टायर लावणे धोक्याचे आहे, मग तो बर्फात कितीही चांगला असो. तिसरी, गाडीच्या पुस्तिकेत मान्य मापांची यादी असते. तिच्याबाहेर जाऊ नये. वेगमर्यादेच्या बाबतीत थोडी सूट असते. जर्मनीत कमी वेगमर्यादेचा हिवाळी टायर चालतो, पण ती मर्यादा चालकासमोर चिकटपट्टीवर लिहावी लागते.

हा विषय वर्गात नेण्यासाठी बर्फाची गरज नाही. शाळेच्या आवारातील स्कूटर, मोटार आणि बस यांच्या टायरवरचे आकडे विद्यार्थ्यांनी टिपून आणावेत. त्यांवरून बाहेरचा व्यास काढावा, मग दोरीने परीघ मोजून पडताळा घ्यावा. वजनाने टायर खाली किंचित दबलेला असतो, म्हणून चाकाच्या एका फेरीत गाडी परिघाहून थोडी कमी पुढे जाते, हेही जमिनीवर खडूने खुणा करून दाखवता येईल. एका चाकाच्या जागी दुसरे कोणते माप चालेल, हे मुलांनाच शोधू द्यावे. रिमचा आकार दालनात, दिव्यांच्या झगमगाटात ठरतो. त्याची परीक्षा मात्र बर्फाने झाकलेल्या रस्त्यावर, थांबण्याच्या अंतरात होते. खरेदी करण्यापूर्वी कडेवरचे आकडे वाचता आले, तर ही परीक्षा बरीच सोपी जाते.